लाल ठिपके

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीच्या रिपोर्टवर 'हर-टू: टू प्लस' लिहून आलं, त्या रात्री तिचा फोन आला. "तू हेच मोजतेस ना गं? मग मला नीट सांग."

हो, मी हेच मोजते. अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपसमोर बसून. टू प्लस म्हणजे साध्या रंगचाचणीला ठाम उत्तर देता आलेलं नाही, आता 'फिश' (जनुकांना चमकणारे रंग जोडणारी चाचणी) करून जनुकंच मोजायची. गाठीचा 4-5 मायक्रॉनचा काप, त्यात पेशींची केंद्रकं निळी दिसतात. लाल ठिपका म्हणजे हर-टू जनुक, हिरवा म्हणजे ते ज्या 17 व्या गुणसूत्रावर असतं त्याचा सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राचा आवळलेला भाग. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. काप घेताना केंद्रकही कापलं जातं, त्यामुळे कधी एकच ठिपका हाती लागतो. म्हणून एका पेशीवर विसंबायचं नाही, निदान 20 केंद्रकं मोजायची. एकमेकांवर चढलेली सोडून द्यायची. मग लाल भागिले हिरवे. भागाकार 2 किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी 4 किंवा जास्त लाल ठिपके, तर जनुक वाढलेलं.

काही गाठींत मात्र मोजताच येत नाही. हिरवे दोन नीट वेगळे दिसतात आणि शेजारी लाल ठिपक्यांचा नुसता घोस. एकात एक मिसळलेले. तिथे घोसाच्या आकारावरून अंदाज बांधावा लागतो. इतक्या वर्षांनीही असा घोस दिसला की माझा हात फोकसच्या चाकावर थांबतो.

मावशीला वाटत होतं की तिचं जनुक 'बिघडलंय'. तिला सांगितलं, अगं, बहुतेक वेळा जनुकात काही चुकीचं नसतं. तेच जनुक, तोच मजकूर, फक्त प्रती फार झाल्या. प्रत्येक प्रत तेच प्रथिन बनवत राहते आणि पेशीच्या पृष्ठभागावर हर-टूची गर्दी होते. एरवी हजारांत मोजली जाणारी ही रिसेप्टर्स, म्हणजे बाहेरचे संदेश घेणारी प्रथिनं, अशा पेशीवर 20 लाखांपर्यंत जाऊ शकतात. सगळी मिळून पेशीला एकच सांगत असतात, वाढ, विभाग.

मग तिने खरा प्रश्न विचारला. "म्हणजे हे माझ्या पोरीतही असणार?"

नाही. ही वाढ गाठीतल्या पेशींतच झालेली असते, जन्मतः मिळालेली नसते आणि पुढे जातही नाही. बीआरसीए या जनुकांतल्या बिघाडाची गोष्ट वेगळी, तो आईवडिलांकडून येऊ शकतो. घरात आणखी कोणाला कॅन्सर झाला असेल तर तो इतिहास डॉक्टरांना सांगायचाच. पण हर-टूच्या ठिपक्यांसाठी पोरीची काळजी नको. हे मी तिला तीनदा सांगितलं.

1987 साली अमेरिकेतले कॅन्सर संशोधक डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या 189 गाठी तपासल्या. त्यातल्या 30 टक्के गाठींत हे जनुक दुपटीपासून वीसपटीहून जास्त वाढलेलं होतं, आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. (आता सर्वसाधारणपणे 15 ते 20 टक्के धरतात.) तेव्हा ही बातमी फक्त वाईट होती. सप्टेंबर 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली, नेमकं याच रिसेप्टरला धरणारं औषध. ते वाढलेल्या जनुकाच्या गाठींसाठीच बनलेलं. म्हणून आमची मोजणी चुकली तर दोन्हीकडून नुकसान: गरज असलेलीला औषध मिळत नाही, नसलेलीला उगाच मिळतं, आणि ते हृदयावरही परिणाम करू शकतं.

याच कारणासाठी एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवून धरणाऱ्या द्रावणात, जायला हवी, आणि 6 ते 72 तास तिथे राहायला हवी. एकदा आमच्याकडे आलेल्या ब्लॉकमधला (मेणात बसवलेला) गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये उशिरा बुडवलेला होता. ठिपके इतके फिके की हिरवा कुठला आणि नुसती चमक कुठली, कळेना. पुन्हा केलं, तेच. शेवटी नवी बायोप्सी मागवावी लागली. कोणाच्या तरी एका घाईच्या दुपारपायी त्या बाईचे किती दिवस गेले.

मावशीची स्लाइड मी मोजली नाही, ती दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळी मोजली. लाल सरासरी 9.0, हिरवे 2.1, भागाकार 4.3. तिला फोन करून आकडे सांगितले. ती म्हणाली, "थांब, लिहून घेते," आणि एकेक आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला.