बाकं मिळतात, मुरूम मिळत नाही

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या मधोमध एक ओपन स्पेस आहे. लेआउट पाडताना 10 टक्के जागा मोकळी सोडतात, त्यातली. इतकी वर्षं तिथे वेडी बाभूळ आणि वर्षातून एकदा गणपतीचा मांडव, एवढंच असायचं. जागा महापालिकेची, म्हणून आधी मंडळाचा ठराव, मग नकाशा जोडून अर्ज, मग परवानगी. हे सगळीकडे असतं तसंच झालं. खरं सांगण्यासारखं आहे ते पुढचं. व्हीलचेअरवरच्या माणसाला, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला आणि गुडघे धरलेल्या आजींना कुणाच्या मदतीशिवाय फिरता यावं, मातीत हात घालता यावा अशी बाग करायची तर पैसा कुठे लागतो, आणि देणाऱ्याला तो कुठे द्यावासा वाटतो, या दोन गोष्टींची गाठ क्वचितच पडते. मंडळाचा खजिनदार म्हणून ती गाठ मारण्याचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात मातीपासून. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हिंग ब्लॉक टाकले की पावसाळा गेल्यावर ते वरखाली होतातच. चालणाऱ्याला अर्धा इंच म्हणजे काहीच नाही, पण व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक तेवढ्यावर अडतं. आमच्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला, "मालक, काळी उचला, मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, मग वर काय पायजे ते टाका की." वर आम्ही शहाबादी फरशी टाकली. पॉलिश केलेली नाही, खरबरीत, कारण गुळगुळीत शहाबादी ओली झाली की धडधाकट माणूससुद्धा आडवा होतो. सांधे सिमेंटने फरशीच्या पातळीला आणून भरले. रस्ता पाच फुटांचा, म्हणजे खुर्ची जागच्या जागी फिरवता येते.

या मुरमाला देणगीदार मिळेना. बाकं मात्र मागायच्या आधी आली. सिमेंटची, तयार मिळणारी, पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेली. त्यांना हात नव्हते. वयस्कर माणसाला बसता येतं, पण उठताना जोर द्यायला काही हवं ना? शेवटी फॅब्रिकेटरकडून हात करून जोडले. एका बाजूला खुर्ची उभी राहील एवढी जागा सोडली, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस गप्पांच्या रांगेतच बसतो, रस्त्यात नाही. ओळीने बाकं मांडायची हौस असलेल्यांना ती मोकळी जागा अजून खुपते.

उताराचा किस्सा जरा सविस्तर सांगतो. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढत गेल्याने बागेचं दार रस्त्यापेक्षा नऊ इंच खाली गेलं होतं. उताराचं प्रमाण 1:12, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमच्या नऊ इंचांना नऊ फूट हवेत. मिस्त्री म्हणाले, "चार फुटात बसतंय की, कशाला जागा घालवता?" मी वाद घातला नाही. आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत, विडी वळतात, लहानपणी पोलिओ झाला, तीनचाकीवर असतात. त्यांना बोलावलं आणि विटांवर प्लायवूड टाकून चार फुटांचा उतार केला. उतरताना खुर्ची सुटलीच, मुलाने मागून धरली म्हणून बरं. चढताना तर हातच पुरेनात. अक्का एवढंच म्हणाल्या, "ढकलणारा लागतो तर मग घरीच बरं की ओ." नऊ फूट मिस्त्रींनी स्वतः मोजून आखले. कायद्याचा हवाला देता आला असता, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागांबद्दल स्पष्ट आहे, पण प्लायवूड लवकर पटलं.

उतार आत येतो म्हणजे पावसाचं पाणीही आत येणार. त्याच्या पायथ्याशी आडवी नाली आणि वर लोखंडी जाळी घातली. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाहून बारीक आणि चालण्याच्या दिशेला आडव्या. उभ्या फटीत चाक शिरतं, काठीचं टोकही. कठड्याच्या पाइपची वेगळीच तऱ्हा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारी त्याला हात लावून दाखवा. कॉलनीतल्या एका यंत्रमागवाल्यांनी सुती नवार आणून घट्ट गुंडाळून दिली. मळते, मग बदलतो. टॉवेल-चादरींच्या गावात नवारेला तोटा नाही.

दाराबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बागांना फिरकीची फाटकं लावतात, तिथेच व्हीलचेअर थांबते. तीन फुटांची वाट सोडली की दोन्ही आत येतात. आम्ही तीन फूट सोडले. गाडी घालणाऱ्या पोरांशी सकाळ-संध्याकाळ फिरणारे ज्येष्ठ भांडतात. चाललंय.

झाडं निवडताना अंध शाळेतले एक सर आले होते. ब्रेलच्या पाट्यांना देणगीदार तयारच होता, पण सर म्हणाले, "उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुतेक वेळा ब्रेल येत नाही. पाट्या लावा, पण मोठी उठावाची अक्षरंही द्या, आणि मुख्य म्हणजे वास एकमेकांत मिसळू देऊ नका." म्हणून तुळस, पानओवा, मरवा, पुदिना वेगवेगळ्या वाफ्यांत, मोगरा लांब दुसऱ्या कोपऱ्यात. गवती चहा कडेला नको, पात्याने बोट कापतं. तो आत लावला. कण्हेर आमच्या हवेत मरता मरत नाही, म्हणून सगळ्यांची लाडकी, पण सगळं झाडच विषारी. जिथे पानं चुरडून हुंगायला सांगतो तिथे ती नको. यावर मंडळात बरीच खडाजंगी झाली, फुलं देवाला लागतात म्हणून.

वाफे दोन प्रकारचे. दोन फूट उंच बांधलेले, वाकायला नको म्हणून. आणि टेबलासारखे, खाली गुडघे जातील असे, वर आठ-नऊ इंच माती. त्यात मेथी, कोथिंबीर, पालक उत्तम येतो. रुंदी एवढीच की बसल्या जागी हात पलीकडे पोचावा. उथळ माती आमच्या उन्हात लगेच वाळते. त्यावर उसाचं पाचट अंथरतो, जिल्ह्यात त्याला काय कमी? नळाला रोज पाणी नसतं, म्हणून टाकी आणि ठिबक.

श्रमदानाचं म्हणाल तर खड्डे खणायला, रोपं लावायला कॉलेजची मुलं धावून आली. उतार आणि सांधे त्यांच्याकडून करून घ्यायचे नाहीत, तिथे मिस्त्रीच हवा. मुलांचे फोटो झाले की गर्दी ओसरते, ते गृहीत धरावं. टिकले ते निवृत्त लोक आणि अक्का. मेथीचे दोन वाफे त्यांच्या ताब्यात आहेत, तिथे आमचं काही चालत नाही.

पैशांत दोन गोष्टींनी फरक पडला. मंडळाकडे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, नव्हती, म्हणून ज्यांच्याकडे होती अशा एका नोंदणीकृत न्यासाबरोबर करार करून देणग्या त्यांच्यामार्फत घेतल्या. 2000 रुपयांवर रोख दिली तर करसवलत मिळत नाही, हे प्रत्येकाला आधीच सांगायचं, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर त्यासाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र हातात द्यायचं. दुसरी गोष्ट माळीबुवांच्या पगाराची. बांधकामाला एकदा पैसे मिळतात, पगार दर महिन्याला लागतो आणि त्यावर पाटी लावता येत नाही. मग देवळात अन्नदानाची तिथी लावतात तशी महिन्यांची वही केली. वडिलांची पुण्यतिथी ज्या महिन्यात, तो महिना तुमचा. दाराजवळच्या फळ्यावर महिनाभर नाव. बाकाला नको म्हटल्यावर रुसलेले एक गृहस्थ दोन महिने घेऊन गेले, एक वडिलांचा, एक आईचा.

आता स्वच्छतागृह राहिलंय. रुंद दार, आत कठडे, खुर्ची वळेल एवढी जागा, असं अंदाजपत्रक तयार आहे. महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीकडे अर्ज केलाय आणि दुसरीकडे देणगीदारही शोधतोय. स्मरणार्थ पाटी लावायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.