आमची वाटचाल : पेनड्राइव्हवरचं हायकू आणि जिनिंगचा काटा

अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रोची सुरुवात झाली, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्या वंशातलं नाही. आम्ही रॅम वाढवतो, एसएसडी टाकतो, पॉवर सप्लाय बदलतो आणि कापसाचा सीझन लागायच्या आत जिनिंगवाल्यांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, कॉम्प्युटर परत देतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमच्याकडे येणारा माल तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. गिऱ्हाईक विचारणारच, "भाऊ, मशीन ते चालू शे ना, मंग नवं कसाले लेवानं?"

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम आम्ही आधीपासून टाकून देत होतो. त्याहूनही हलकं काही मिळतं का, हे बघताना हायकू नावाची ऑपरेटिंग सिस्टिम हाती लागली. नव्वदच्या दशकातली बीओएस नावाची सिस्टिम २००१ मध्ये बंद पडली. तिच्या चाहत्यांनी ती नव्याने लिहायला घेतली, तेच हे. अजून बीटाच, म्हणजे चाचणीतलंच आहे, पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ चा. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या डिस्कला धक्का लागत नाही.

जुन्या ड्युअल कोअरवर ते सुरू झालं तेव्हा आमचा पोऱ्या चहाचा कप हातात धरून बघतच राहिला, एवढ्यात डेस्कटॉप? पुढचं मात्र मशीनच्या नशिबावर. वायफायचे बरेचसे ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बीएसडी या दुसऱ्या सिस्टिमकडून आलेले, त्यामुळे एका लॅपटॉपवर नेट लागलीच मिळतं, शेजारच्यावर केबलच ओढावी लागते. थ्रीडी ग्राफिक्सला ग्राफिक्स कार्डाची मदत मिळत नाही. लॅपटॉप झाकला तर झोपत नाही. आणि सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलणारे स्वस्त लेझर प्रिंटर, जे आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात आहेत, ते ढिम्म हलत नाहीत. मराठीचीही पंचाईत. फाइलला 'शिरपूर' नाव दिलं की वेलांटी 'श'च्या आधी दिसायची ती नंतर जाऊन बसते. ज्याच्या पोटापाण्याचं काम दाखले आणि अर्ज छापण्याचं, त्याला हे दाखवण्यातही अर्थ नव्हता.

जिनिंगचं तर वेगळंच. वजनकाट्याचं वजन सिरियल पोर्टातून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबलच्या जोडणीतून येतं, पावतीचा प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलेला, हिशेब टॅलीत. तिथे मशीन कितीही म्हातारं असो, सिस्टिम बदलायची नाही. नेट काढून टाकायचं, रोजचा बॅकअप लावून द्यायचा, बस्स.

हायकू आम्ही एकाही गिऱ्हाइकाला दिलेलं नाही. पण या खटाटोपातून दुकानाची पद्धत बदलली. आता जॉब कार्डावर पहिल्यांदा प्रिंटर, वायफाय चिप, काटा, स्कॅनर लिहून घेतो, मग पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून त्यातली एकेक वस्तू गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवतो. चाललं तरच पैसे ठरवायचे. शाळांची बरीच मशीनं अशीच लिनक्सवर गेली.

ते ड्युअल कोअर काउंटरमागे आहे, हायकूसकट. त्यावर सुट्या मालाची यादी ठेवतो. प्रत्येक पार्टची एक फाइल. किंमत, कप्पा, वॉरंटी हे फाइललाच चिकटवता येतं आणि त्यावरून शोधताही येतं. डीडीआर ३ रॅम कुठल्या कप्प्यात आहे, हे पोऱ्या आता मला विचारत नाही.