वहीतले दोन रकाने

परवा सकाळी दूध उतू गेले आणि ओटा पुसता पुसता मनात नेहमीचे वाक्य उमटले, ‘माझ्या हातून एकही काम धड होत नाही.’ नैराश्यावरची औषधे सुरू होऊन दोन वर्षे झाली. झोप आणि भूक बरीचशी सुधारली, पण हे वाक्य हटत नाही, कारण तो मला विचार वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात अशा आपोआप उमटणाऱ्या विचारांकडे लक्ष वेधले आणि नैराश्यात माणूस स्वतःकडे, जगाकडे व भविष्याकडे एकाच काळ्या नजरेने पाहतो, असे मांडले. माझ्या समुपदेशक बाईंनी त्याच पद्धतीने मला वहीत दोन रकाने आखायला लावले : डावीकडे मनातले वाक्य जसेच्या तसे, उजवीकडे त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा. त्या दिवशी उजवीकडे लिहिले, ‘दूध उतू गेले. आईची गोळी वेळेवर दिली. विजेचे बिल भरले.’ लिहून मन हलके झाले नाही, हेही सांगायला हवे (‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला तर अजूनही जिव्हारी लागतो). पण डावीकडचा ‘एकही’ हा शब्द मी स्वतःच्या हाताने खोडला.