फित्सानुलोकचं नदीकाठचं हॉटेल आणि सातशे बाटचा पत्रा

मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण खाली मी बरीच भरकटणार आहे. थायलंडमधल्या फित्सानुलोकला नदीकाठच्या जुन्या स्वस्त हॉटेलात खुशाल राहा. पण "रिव्हर व्ह्यू" म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका. मागची खोली घ्या, दोन मिनिटं चालत जा, नदी समोर आहे, फुकट आहे. मी हे दोन रात्रींचे सातशे बाट घालवून शिकले. आम्ही गेलो तेव्हा बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एकोणीसशेच्या वर गेले आणि बदल्यात काय बघितलं तर एक पत्रा. तो पत्रा काय ते सांगते.

सुरुवात बँकॉकलाच बिघडली. कुठल्यातरी जुन्या माहितीत वाचलं होतं की उत्तरेकडच्या गाड्या हुआ लाम्फोंगवरून सुटतात. आम्ही सॅका लावून, टॅक्सी करून, ट्रॅफिकमध्ये तासभर बसून तिथे पोचलो. स्टेशन सुंदर आहे, मोठ्ठी कमान वगैरे, पण आमची गाडी तिथे नव्हतीच. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बांग सूच्या नव्या टर्मिनसवरून सुटतात, क्रुंग थेप अफिवात नाव त्याचं. तिकिटावर लिहिलेलं होतं. नवरा म्हणाला, "मी वाचलं होतं, मला वाटलं तेच याचं खरं नाव असेल." यावर मी काही बोलले नाही. मेट्रोच्या निळ्या लाइनने एकाच गाडीत बांग सूला जाता येतं, तसे गेलोही, पण आमची गाडी गेलेली. मग मो चितचा बस डेपो आणि दुपारची बस.

ट्रेनने गेलात तर ३८९ किलोमीटर आहे आणि फित्सानुलोकचं स्टेशन अगदी गावात, तिथून नदीपर्यंत चालत जाता येतं. बसने गेलात तर बस कुठल्या स्टँडवर सोडणार ते चढायच्या आधी विचारा, कारण गावात दोन स्टँड आहेत. जुना त्यातल्या त्यात जवळ. नवीन म्हणजे दोन नंबरचा, तो बाहेर हायवेवर. आम्हाला अर्थातच दोन नंबरला उतरवलं, संध्याकाळी साडेसातला. टुकटुकवाल्याने तीनशे सांगितले, दोनशेला आला. अ‍ॅपवर नव्वद दिसत होते पण गाडी काही येईना आणि नवरा एव्हाना बाकावर झोपला होता. दिले दोनशे.

हे सगळं एवढं सांगायचं कारण असं की हॉटेलच्या काउंटरवर पोचलो तेव्हा माझी घासाघीस करायची ताकद संपलेली होती, आणि असल्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

हॉटेल बाहेरून बघून मला आवडलं होतं हे कबूल करते. जुनं म्हणजे लाकडी, कोरीव खांब, झरोके असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. १९५७ साली मोठी आग लागून गावाचा जुना भाग बराचसा जळाला, त्यामुळे आता नदीकाठी दिसतात त्या सिमेंटच्या चौकोनी इमारती. आमचं हॉटेलही तसंच, आपल्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सरकारी विश्रामगृहाची आठवण येईल असं. मोझेकची फरशी, रुंद जिना, किल्लीला वीतभर लाकडी ठोकळा, काउंटरमागे राजाचा फोटो. बाहेर खांबावर वास्तुदेवतेचं छोटं घर आणि त्यापुढे लाल फँटाच्या बाटल्या, प्रत्येकीत स्ट्रॉ घातलेली. लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सामान सॅकमध्ये असेल तर काही प्रश्न नाही, चाकांची बॅग आणणाऱ्यांनी आपलं आपण बघावं.

काउंटरवर एक काकू. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. मागची खोली ५५०, नदीकडची ९००. "रिव्हर व्ह्यू, ब्यूटीफुल खा." हे "खा" बाई बोलत असेल तर वाक्याच्या शेवटी आदराने लावतात, पुरुष "ख्रप" म्हणतात. पहिले दोन दिवस मला सगळ्या बायका जेवायचा आग्रह करतायत असंच वाटत होतं. दोन रात्रींचे पैसे आधी, वर पाचशे रोख डिपॉझिट. मी विचार केला, एवढ्या लांब आलोय, नदीकाठी राहायलाच आलोय, ३५० साठी काय रडायचं. दिले.

खोलीत गेलो, गॅलरीचं दार उघडलं. अंधार होता. समोर पलीकडच्या काठावरचे दिवे, आणि खाली एक लांबलचक काळा चमकता पट्टा, त्यावर दिव्यांचे लाल-पिवळे ओघळ. मी दोन मिनिटं गप्प उभी राहिले. दिवसभराचा सगळा राग उतरला. थाईमध्ये नदीला मे नाम म्हणतात, म्हणजे पाण्याची आई, हे मला तेव्हा आठवलं आणि अगदी भरून वगैरे आलं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "नान नदीच्या काठी, आमच्या गॅलरीतून". बदाम आले, नमस्कार आले, नणंदेने विचारलं केवढ्याला पडली खोली.

सकाळी सहाला दार उघडलं तर तो पत्रा होता. खालच्या खानावळीचा. रात्री दव पडून ओला झालेला आणि त्यावर रस्त्यावरचे दिवे चमकत होते. त्याच्यापुढे रस्ता, रस्त्यापुढे काठाचा कठडा आणि झाडं, आणि दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या फटीतून खरी नान, रुमालाएवढी. पाच मिनिटं थांबलात तर त्या फटीतून एखादी जलपर्णी वाहत जाताना दिसते. तोही व्ह्यूच म्हणायचा.

आता हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी गप्प बसले असते. पण नदीकडच्या खोल्यांचे बाकीचे गुण ऐका. एक म्हणजे हॉटेल पूर्व काठावर, त्यामुळे या खोल्यांचं तोंड पश्चिमेला. डिसेंबर असूनही दुपारी दोनपासून भिंत तापते, एसी जुना, तो आपला कण्हत असतो. एप्रिलात काय होत असेल कल्पना करवत नाही, तेव्हा या भागात पारा चाळिशीला टेकतो. दुसरं म्हणजे नदीत जेवणाच्या बोटी आहेत आणि काठाला कराओके. थाई माणूस एरवी इतका हळू बोलतो की आपल्यालाच लाज वाटावी, पण हातात माईक आला की संपलं. साडेबारापर्यंत एक गृहस्थ तेच एक रडकं गाणं परत परत म्हणत होते, शेवटी मलाही धृपद पाठ झालं. तिसरं, साडेचारला कोंबडे. या गावाचं कोंबड्यांशी नातं आहे म्हणे. राजा नरेसुअन इथे १५५५ साली जन्मला, त्याच्या झुंजीच्या कोंबड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे आणि लोक त्याच्या स्मारकापाशी कोंबड्यांचे पुतळे वाहतात. पुतळे ओरडत नाहीत. ओरडणारे आमच्या गॅलरीखाली होते. नवऱ्याला यातलं काहीही ऐकू आलं नाही, तो घोरत होता, तो चौथा आवाज.

सकाळी खाली जाऊन खोली बदलून मागितली. काकू छान हसल्या, मागची खोली लगेच दिली, पण फरकाचे पैसे परत नाहीत. दोन रात्री लिहिल्या म्हणजे दोन रात्री. मी कॅल्क्युलेटरवर ३५० लिहून दाखवले, त्यांनी ते पुसून शून्य केलं आणि परत हसल्या. भांडता येत नाही हो हसणाऱ्या माणसाशी. म्हणून हे वाक्य पाठ करून जा: "खो दू होंग दाय माय?" म्हणजे खोली बघू का. पुरुषांनी ख्रप, बायकांनी खा. पैसे द्यायच्या आधी म्हणायचं, आणि रात्री पोचलात तर एकाच रात्रीचे पैसे द्यायचे. मला हे कोणी सांगितलं असतं तर.

मागची खोली म्हणाल तर उत्तम. तीच फरशी, तोच पलंग, तोच इन्स्टंट गीझर, आणि संडासात जेट स्प्रे, जो थायलंडमध्ये सगळीकडे असतो आणि युरोप करून आलेल्यांना त्याची किंमत कळेल. सकाळचं ऊन येतं, दुपारी खोली थंड. लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, पण तो मला आवडतो, माझं लहानपण मनमाडला गेलंय. तिसरी रात्र आम्ही तिथेच वाढवली, ५५० मध्ये.

डिपॉझिटबद्दल एक. पाचशेपैकी तीनशेच परत मिळाले. कारण उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग. मी रात्री खोबरेल लावून झोपले होते, तीस वर्षं लावतेय. भिंतीवर चित्रांची पाटी होती म्हणे, डुरियन हे उग्र वासाचं फळ आणू नका, मेंदी-रंग लावून टॉवेल खराब करू नका. तेलाचं चित्र काही मला दिसलं नाही, पण नियम त्यांचा. जुना पंचा न्या आणि उशीवर घाला.

खाण्याचं. मी अंडी-मासे खाते, नवरा शुद्ध शाकाहारी. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते "जे" दुकान, तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपल्या जैन जेवणाच्या जवळचं. बाकी कुठेही नुसतं "व्हेज" म्हणालात तर भाजीत माशाचं पाणी असणारच, नाम प्ला म्हणतात, ते घालू नका असं वेगळं सांगावं लागतं. या गावची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे उडती भाजी. नाळीच्या भाजीसारखी पालेभाजी मोठ्या आचेवर परतून कढईतून हवेत उडवतात आणि लांब उभा असलेला माणूस ताटलीत झेलतो. नाइट बाजारात आम्ही मुद्दाम दोन संध्याकाळी गेलो. पहिल्या दिवशी उडवणारा आला नव्हता, दुसऱ्या दिवशी झेलणारा. भाजी चांगली होती, पण तिच्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, असतो, त्यामुळे नवऱ्याने नुसता भात खाल्ला. पाय लोंबकळत सोडून बसायचं आणि नूडल्स खायच्या अशीही दुकानं नदीजवळ आहेत. स्वस्त, झकास, गुडघे दुखणाऱ्यांना तर सोय. मात्र वरून डुकराचं मांस घालतात, नको असेल तर आधी सांगा.

देवळाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तिथे कोणी फसवलं नाही. वात याई म्हणतात, पूर्ण नाव लांबलचक आहे, आतली फ्रा बुद्ध चिन्नरातची मूर्ती बघाच बघा. काळोख्या सभागृहात ती सोनेरी मूर्ती आणि मागची ज्वाळेसारखी महिरप. सगळे जमिनीवर बसलेले असतात, आपणही बसायचं, मधेच उभं राहून फोटो काढू नका. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आणि गावाचं नाव विष्णुलोकवरून आलंय हे कळल्यावर नवऱ्याने वैकुंठाला जाऊन आल्याचं सगळ्यांना फोन करून सांगितलं. देवळाबाहेरच्या बाजारात सुकवलेली केळी मिळतात, वसईच्या सुकेळ्यांची सख्खी बहीण. दोन किलो घ्या. आम्ही अर्धा किलो घेतली आणि पस्तावलो.

सुखोथाईला एक दिवस गेलो, बसने तासाभरात नवं गाव, तिथून जुने अवशेष बारा किलोमीटर, सायकल भाड्याने मिळते. दिवस फार सुरेख गेला. परतीची शेवटची बस किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

सुटे पैसे जवळ ठेवा. क्यूआर कोड टपरीवर सुद्धा असतो, पण तो त्यांच्या बँकांचा, माझ्या फोनवरून एकदाही चालला नाही. एटीएम आपल्या कार्डावर दर वेळी दोनशेच्या वर फी कापतं, म्हणून एकदाच काय ते काढा. थायलंडमध्ये शिरायच्या आधी भरायचं डिजिटल अरायव्हल कार्ड मे २०२५ पासून सक्तीचं आहे आणि ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर किंवा बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. आम्ही चालत राहिलो आणि मग फार ओशाळलो.

हॉटेलात परत जाईन का? जाईन. डासांची उदबत्ती घेऊन जाईन आणि काकूंना कॅल्क्युलेटर काढायच्या आधीच मागची खोली मागेन. आणि एक गोष्ट निघायच्या दिवशी सापडली ती सांगते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिथे वेताच्या दोन खुर्च्या टाकलेल्या आहेत, सफाईवाल्या मावशी तिथे बसून डबा खातात. तिथून टाक्या आड येत नाहीत. पूल, बोटी, अख्खी नान दिसते. मावशींनी सरकून मला जागा दिली. मी तिथून फोटो काढला, पण ग्रुपवर टाकला नाही, पहिल्या फोटोचं काय सांगणार होते.