‘डिसेंबरपर्यंत थांबा’ : विमानाला पाण्याचा रंग मारताना आलेला अनुभव

“हवा दमट आहे मॅडम, डिसेंबरपर्यंत थांबा.” पाण्याचा, म्हणजे थिनरऐवजी पाण्यावर आधारलेला रंग पुरवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक माणसाने सप्टेंबरमध्ये फोनवर मला हे सांगितलं, आणि आम्ही थांबलो. रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात दोन माणसांचं छोटं विमान रिव्हेट मारून पूर्ण झालेलं होतं. पंख स्टँडवर, रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) टेबलावर. मी आणि मामा रोज भिंतीवरच्या हायग्रोमीटरचा, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा, काटा बघायचो. डिसेंबर आला, दुपारची आर्द्रता ४५ टक्क्यांवर आली, मी रंग मारला, आणि रंगात ऑगस्टमध्ये पडले होते तेच खड्डे. दमटपणाचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता. ते तीन महिने माझ्या मनातून अजून जात नाहीत, म्हणून हे लिहितेय. पाण्याचा रंग मारायला शिकणाऱ्या कुणाचे तरी तेवढे महिने वाचावेत.

विमान मामाचं. त्याची सगळी नोकरी विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये पत्र्याच्या कामात गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान बीकेसीतल्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. मामा मला ते बघायला घेऊन गेला, त्या विमानाभोवती दोन तास फिरला आणि परत येताना लोकलमध्ये एक शब्द बोलला नाही. निवृत्त झाल्यावर त्याने हे काम काढलं. सांगाडा, पत्रा, हजारो रिव्हेट सगळं त्याच्या हातचं. पण आता त्याचा हात थरथरतो. म्हणून रंगाची गन माझ्या हातात आली.

पाण्याचाच रंग का, असं प्रत्येक जण विचारतो. आमच्या गाळ्याच्या डावीकडे फॅब्रिकेशनचं काम चालतं, दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या. तिथे थिनरच्या वाफा सोडणं म्हणजे आगीला बोलावणं. गाळ्याच्या मालकानेही थिनरचे डबे ठेवायचे नाहीत अशी अट घातली होती. पाण्यावर आधारलेला दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग हा त्यातून निघालेला मार्ग. पाण्याचा म्हणजे घरच्या डिस्टेंपरसारखा नव्हे. वाळल्यावर तो कडक होतो, उन्हापावसाला टिकतो.

गन धरायला मला तुर्भ्याच्या एका गॅरेजमधल्या काकांनी शिकवलं. आयुष्यभर गाड्यांना ड्युको मारलेला माणूस. “मनगट वळवू नको, सगळा हात पत्र्याला समांतर ने. ट्रिगर पत्र्याच्या आधी दाबायचा आणि पत्रा संपल्यावर सोडायचा.” अंतर १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीत. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवायचा. त्यांच्याकडे मी चार रविवार नुसतं पाणी फवारत होते, मग जुन्या बॉनेटवर रंग. पाण्याचा रंग त्यांनीही कधी मारला नव्हता. त्याचा ओला कोट ओबडधोबड दिसला तेव्हा ते म्हणाले, “जाड मार, म्हणजे सपाट होईल.” जाड मारला आणि ओघळ आले. या रंगाला घाई चालत नाही. पहिला कोट अगदी विरळ, नुसता चिकट धरेल एवढा. शेजारच्या मास्किंग पेपरवर बोटाचं पेर टेकवून बघायचं. चिकटतोय पण बोटाला रंग येत नाही, अशी अवस्था आली की पुढचा कोट. असे तीन-चार. मधे पत्र्यावरून हवा फिरत राहिली पाहिजे, कारण पाणी थिनरसारखं आपोआप उडून जात नाही.

इथवर सगळं नीट चाललं होतं. ऑगस्टच्या शेवटी मी पहिल्यांदा रडर रंगवला. शेवटचा पट्टा मारून मागे सरले आणि डोळ्यांदेखत रंगात भोकं पडायला लागली. मुगाच्या डाळीएवढे गोल खड्डे, मध्ये प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) उघडा, कडेला रंगाची उंच कड. एक नाही, तळहाताएवढ्या जागेत दहा-बारा. इंग्रजीतून आलेला शब्द फिशआय, गॅरेजवाले म्हणतात ‘डोळे पडले’.

पहिला संशय कॉम्प्रेसरवर. आमचा तीन एचपीचा पिस्टनचा कॉम्प्रेसर, हवेबरोबर तेल येऊ शकतं. टाकीचा ड्रेन कॉक उघडला तर वाटीभर पाणी निघालं, म्हणून मॉइश्चर ट्रॅप बदलला, तेल अडवणारा फिल्टर बसवला. स्वच्छ काचेवर पाच मिनिटं नुसती हवा सोडली. काच कोरडी, डाग नाही. पुढचा पॅनेल रंगवला, खड्डे तसेच.

मग कंपनीला फोन. फोटो पाठवले, पॅनेल कसा घासला, कशाने पुसला, गनचं नोझल १.४, हवेचा दाब किती, सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं ते वर लिहिलंय. मी विचारलं, दमटपणाने खड्डे कसे पडतील? “मुंबईची हवा आहे मॅडम, पाण्याच्या रंगाला हा त्रास असतोच.” पुढच्या चारही फोनला हेच. त्याचं अर्धं खरं होतं, म्हणूनच आम्ही फसलो. दमट हवेत हा रंग हळू वाळतो, ओघळतो, चकाकी मरते. ऑगस्टमध्ये ८८ टक्के आर्द्रतेत आमचा दुसरा कोट दीड तास ओला होता. पण गोल खड्डा दमटपणाने पडत नाही. तो पडतो तेव्हा पत्र्यावर असं काही असतं, जे रंगाला जवळ येऊ देत नाही.

हे मला आता सांगता येतं. तेव्हा आम्ही थांबलो. मध्ये मामाने माझं खोबरेल तेल बंद केलं, हाताला क्रीम लावू दिलं नाही. “अगं, हँगरमध्ये रंगाच्या पोरांना साधी दाढीची क्रीम लावून येऊ द्यायचे नाहीत.” दिवाळीत मी कोरडे केस घेऊन वावरले. तो चुकीचा नव्हता, तेलाने खड्डे पडतातच. फक्त आमचे खड्डे त्यातले नव्हते.

डिसेंबरमध्ये पुन्हा तेच झालं तेव्हा मामा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “थिनरचा रंगच आणू.” त्याला असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री मी ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही.

मामाला हँगरमधली एक जुनी परीक्षा माहीत होती. स्वच्छ पत्र्यावर डिस्टिल्ड वॉटर ओतायचं. पत्रा खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा अखंड पडदा तसाच धरून राहतो. कुठे तेलकट असेल तर पडदा तिथे फाटतो, पाणी मागे सरून थेंब होतात. मी एकाच पत्र्याचे दोन तुकडे कापले, दोन्ही सारखेच घासले, सारखेच पुसले, दोन्हींवर पडदा टिकतो हे पाहिलं. मग वाळवून एक तुकडा पत्र्याच्या पेटीत बंद केला, दुसरा टेबलावर उघडा ठेवला. एक रात्र आणि दुसरा सगळा दिवस. संध्याकाळी पाणी ओतलं. पेटीतल्या तुकड्यावर पडदा तसाच. टेबलावरच्या तुकड्यावर तो क्षणात फाटला.

म्हणजे काहीतरी हवेतून पडत होतं.

मग गाळ्यात सहा ठिकाणी तुकडे ठेवले. सगळ्यात वाईट तुकडा उजव्या भिंतीजवळचा. त्या भिंतीच्या आणि छपराच्या पत्र्याच्या मध्ये वीतभर फट आहे, पलीकडे प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा. मी पलीकडे गेले. मशीनपाशी एक मुलगा उभा होता. दर थोड्या वेळाने डाय, म्हणजे साचा, उघडायची, तो कॅनमधून आत फवारा मारायचा, पुढचा माल सुटायला सोपा जावा म्हणून. कॅन हातात घेऊन वाचला. सिलिकॉन.

आमच्या मागच्या भिंतीवर मी मोठा एक्झॉस्ट पंखा लावला होता, रंगाचा धूर बाहेर जावा म्हणून. शटर बंद करून पंखा लावला की गाळ्यात हवा येणार कुठून? त्या फटीतून. रंग मारायच्या नेमक्या वेळी तो फवारा आमच्याकडे ओढला जात होता.

पाण्याचाच रंग का फसतो, तेही मग कळलं. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, सिलिकॉन तेलाचा जेमतेम २१ च्या आसपास. रंगात तो कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, तरी इतक्या कमी ताणाच्या थेंबावर पाण्याचा रंग पसरू शकत नाही, मागे सरतो. थिनरच्या रंगातही सिलिकॉनने खड्डे पडतात, पण पाण्याच्या रंगाला फार कमी सिलिकॉन पुरतं.

शेजारच्या शेठनी ऐकून घेतलं. “ताई, आधी सांगायचं ना.” त्यांचा शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी आम्ही रंगवायचं ठरलं. फट आम्ही जाड प्लास्टिक आणि टेपने बंद केली, शटरकडे फिल्टर लावून हवा तिकडून घेतली. त्यांच्यावर माझा राग नाही. राग त्या फोनवरच्या माणसावर आहे. जानेवारीत मी हट्ट धरून कंपनीकडून पूर्ण तांत्रिक पत्रक मागवलं. शेवटच्या पानावर दोष आणि कारणांचा तक्ता होता. खड्ड्यांच्या रांगेत पहिलंच कारण : सिलिकॉन. आर्द्रतेचा त्या रांगेत उल्लेखही नव्हता. हे पान त्याच्यासमोर असणार. त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की बाई, तुमच्या आजूबाजूला काय चालतं? रंग घ्याल तेव्हा डब्याबरोबर ते पत्रक मागून घ्या, आणि दोषांचा तक्ता आधी वाचा.

खराब झालेला रडर नीट करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी पुसायचं, मग घासायचं. उलट केलं तर सॅंडपेपर सिलिकॉन सगळीकडे पसरवतो. दोन फडकी, एक क्लीनरने ओलं, दुसरं लगेच मागून कोरडं. फडक्याची वापरलेली बाजू पुन्हा पत्र्याला लावायची नाही. आम्ही दोन किलो पांढऱ्या चिंध्या संपवल्या.

आणि मास्क. हे खरं म्हणजे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं. रंग पाण्याचा असला तरी त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या भागात, आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि ते आत जातंय हे वासावरून वेळेत कळत नाही, त्यामुळे कोळशाचा मास्क कधी संपला ते समजत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. मामा म्हणायचा, “अगं, पाण्याचाच तर रंग.” मी त्याला फवारणीच्या वेळी गाळ्यात थांबू दिलं नाही.

पातळ करायला नळाचं पाणी नको, डिस्टिल्डच. फोर्ड कपमधून (रंगाचा पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला कप) किती सेकंदांत रंग गळतो ते मोजून वहीत लिहा, पुढच्या वेळी अंदाज लागतो. गनची सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचं घ्या, साधं लोखंड गंजतं. आणि थिनरने धुतलेली गन या रंगाला देऊ नका. आत थोडा थिनर राहिला तरी रंगाच्या गुठळ्या होतात, काकांची उसनी गन मी अशीच एकदा बंद पाडली.

जानेवारीअखेर एका शुक्रवारी रडर पुन्हा रंगवला. चौथा कोट मारून मी टॉर्च तिरका धरला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. एकही खड्डा नाही. शटर वर केलं, मामाला आत बोलावलं. तो काही बोलला नाही, लोकलमध्ये बोलला नव्हता तसाच. मला फार अभिमान वाटला.

त्यानंतर फ्युजलाज (विमानाचं धड), डावा पंख, दोन्ही एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) भराभर झाले. एलेरॉन रंगाच्या आधी आणि नंतर वजन करून घ्या. आमच्या प्रत्येक एलेरॉनवर प्रायमर धरून १८० ग्रॅम चढले. ते जवळजवळ सगळं वजन बिजागरीच्या मागे पडतं, आणि मागचा भाग जड झाला की वेगात एलेरॉन फडफडायला लागू शकतो. मामाने दोन्हींचा तोल पुन्हा तपासला आणि पुढच्या बाजूला शिसं वाढवलं.

आता उजवा पंख राहिलाय. तो सध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून डाव्या भिंतीशी ठेवलाय. गुरुवारी रात्री पाण्याचा पडदा बघायचा, आणि टिकला तर शुक्रवारी सकाळी आठला पहिला कोट.