रंगीत कॅमेरा की मोनोक्रोम?

तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी रंगीत कॅमेरा घ्यावा की मोनोक्रोम (कृष्णधवल), या प्रश्नाने मला दोन हिवाळे अडवून ठेवले होते. दोन्हींतला सेन्सर बहुधा एकच असतो. रंगीत कॅमेऱ्यात मात्र दर चार पिक्सेलांपैकी दोहोंवर हिरवा, एकावर लाल आणि एकावर निळा असे सूक्ष्म फिल्टर कायमचे बसवलेले असतात. मृग नक्षत्रातील अश्वमुख कृष्णमेघामागचा लाल पडदा हा मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश असल्यामुळे रंगीत कॅमेऱ्यातील जेमतेम एक चतुर्थांश पिक्सेलच तो नीट टिपतात, तर मोनोक्रोम कॅमेऱ्यापुढे नेमका हाच प्रकाश आत सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर आणला की सगळेच पिक्सेल कामाला लागतात. पुण्यातल्या गच्चीवरून, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातही, पाच मिनिटांच्या एकाच फ्रेममध्ये घोड्याच्या मानेची कड स्वच्छ उमटलेली पाहिली, तेव्हा माझा कौल मोनोक्रोमच्या बाजूने झुकला.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती केवळ पैशांची नाही. फिल्टर आळीपाळीने कॅमेऱ्यापुढे आणणारे चाक, म्हणजे फिल्टर व्हील लागते, प्रत्येक फिल्टरच्या फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग व असमान उजेड दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाची घेतलेली छायाचित्रे) वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि लाल व हिरव्या फिल्टरमधून छायाचित्रे घेऊन झाल्यावर ढग आले तर निळ्याअभावी रंगीत चित्र अपुरेच राहते. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश बहुतांशी ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो; म्हणून एका रात्रीपुरते अंधाऱ्या माळरानावर जायचे असेल, तर मी आजही रंगीत कॅमेराच बरोबर नेतो.