चार साखळ्या, सहा आणे

भूमापनात एकवीस वर्षं गेली, पण त्या दिवसाची मोजणी डोक्यातून जात नाही. गाव नवी मुंबईतलं, ठाणे खाडीच्या काठचं. प्रकरण चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. कोळ्यांची मासळी सुकवायची जागा गावाची की अतिक्रमण, एवढाच वाद.

हातात दिला होता जुना गावनकाशा, 1:7920 चा. एक इंचाला 660 फूट, म्हणजे 33 फुटी साखळीच्या 20 साखळ्या. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा जमिनीवर चार मीटर खाते. हल्ली तोच नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवतात आणि हद्द ठरली म्हणतात. मला याचा संताप येतो. कापडावर डकवलेला तो कागद इतके पावसाळे खाऊन आक्रसलेला असतो, तोही सगळीकडे सारखा नाही.

खरं काम टिप्पणात असतं. मोजणीदाराने शेतात उभं राहून काढलेलं कच्चं रेखाटन, बाजूबाजूवर साखळी-आण्यांचे आकडे. एका साखळीचे 16 आणे. अभिलेखाच्या गठ्ठ्यातून आठ दिवसांनी ते मिळालं. विहिरीकडच्या कोपऱ्यापासून बांधावर 4 साखळ्या 6 आणे, आणि तिथे मोडीत एकच शब्द: उघाडी. खारबांधातलं पाण्याचं दार. भरतीला बंद ठेवायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं.

हिशेबाने 144 फूट, म्हणजे 44 मीटर. विहीर देवळामागे अजून आहे. पण बांधावर आता तिवरांचं रान. ओहोटी लागल्यावर आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणारं यंत्र, अजून सुरूही केला नव्हता, तोच काठावरून एका आजींनी हात केला, "पोरा, उघारी तयां व्हती. आन आमचा खला तिच्या भायेर." खला म्हणजे मासळी सुकवायचं खळं, वादातली तीच जागा.

त्यांनी दाखवलं तिथेच मुळांखाली दोन घडीव दगड निघाले. समोरासमोरच्या तोंडांना उभी खाच, त्यात फळी सरकवायची. मी खाचेत हात घातला तर तळहात आडवा जेमतेम मावला, कडा अजून धारदार. रोव्हरवर अंतर आलं 45 मीटर 30. लोखंडी साखळी चिखलात ओढत नेणाऱ्या त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

पण उघाडीच्या पलीकडे टिप्पण कोरं. तो जुना मोजणीदार मोजत होता आकारणीसाठी, म्हणजे शेतसारा ठरवायला. भातखाचराला आकार बसत होता, मासळीच्या खळ्याला नाही, म्हणून त्याने साखळी तिथेच गुंडाळली. साहेब म्हणाले, "नकाशात नाही, म्हणजे नव्हतंच." एवढी वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाने हे म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं. ज्या दगडांमुळे शेतकऱ्यांचा बांध सिद्ध झाला, ते दाखवले कोळणीने. आणि तिची जागा मात्र कागदावर नाही.

अहवालात खळ्यापुढे 'नोंद नाही' असं लिहायची रीत आहे. मी खाली हाताने ओळ घातली: 'बांधाबाहेर आकारणी नसल्याने मोजणीच झालेली नाही. उघाडीचे स्थान स्थानिक वृद्धेने मोजणीपूर्वी अचूक दाखवले.' ते पान वर गेलंय, अजून परत आलेलं नाही.

परवा आजींचा फोन आला. दगडांचं काही विचारलं नाही. यंदा जवला तिथे पसरायचा का, तेवढं सांग म्हणाल्या.